चौदा इंची चाक

इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा, ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नाशिकहून मुंबईला जाताना कसाऱ्याचा घाट आता टाळता येतो, पण त्यासाठी बुडाखाली चार चाकं हवीत. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, आणि तिथला वेग पाहता ती नसलेलीच बरी. स्कूटरवरच्या नाशिककराचा रस्ता मात्र होता तोच राहिला. मुंबई नाका, पाथर्डी फाटा, घोटी, इगतपुरी, कसारा. पावसाळ्यात इगतपुरीला धुकं उतरतं, शेजारून ट्रेलर जातो, त्याच्या चाकांनी उडवलेलं पाणी हेल्मेटच्या काचेवर बसतं, आणि पुढच्या चार सेकंदांत खड्डा आला तर तो दिसत नाही, नुसता हँडलमधून कळतो.

स्कूटरवर एवढ्या लांब कोण जातं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सकाळी साडेसातला आडगाव नाक्यावर उभं राहावं. ओझरच्या एचएएलमधले कामगार, पिंपळगावच्या बाजार समितीतले दिवाणजी, ग्रामसेविका, बँकेतले लोक, शिक्षक, सगळे आग्रा रोडला लागलेले असतात. उलट्या बाजूने निफाड, दिंडोरी, सिन्नर, घोटीहून अंबड-सातपूरच्या कंपन्यांत येणारी माणसं शहरात शिरत असतात. रविवारी हीच मंडळी त्र्यंबकला, वणीच्या गडावर किंवा गंगापूर धरणाकडे मिसळ खायला निघतात. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरी मात्र गल्लीतून बाजारात आणि बाजारातून गल्लीत जाण्याच्या हिशेबाने बेतलेल्या आहेत. हमरस्त्यावर त्या चालतात, पण त्यांना तिथे चालावं लागतं म्हणून चालतात.

मी पंचवटीत राहते आणि पिंपळगाव बसवंतला शाळेत शिकवते. माझी गिअरलेस २०१० सालची, एकशेदहा सीसीची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे यंदा पासिंगचा प्रश्न उभा राहिला. तपासणी करून घ्या, फी आणि पर्यावरण कर भरा, नव्या पद्धतीची नंबरप्लेट लावा, की पुढची पाच वर्षं मोकळी. मेकॅनिकदादांचं मत तेच होतं. “ताई, इंजिन अजून चांगलंय. बेल्ट आणि रोलर टाकू, पुढचे शॉकअप करू, पळेल.” त्यांच्या सांगण्यात तथ्य होतं. पण पळणं आणि साठ किलोमीटर रोज पळणं यांत फरक आहे. ओझरच्या पुढे टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला ट्रक बाजूने गेला की त्याच्या वाऱ्याने माझी गाडी हातभर सरकते. तरुणपणी याचं काही वाटत नव्हतं. आता मनगटाला वाटतं, आणि घरच्यांना माझ्याहून जास्त वाटतं.

मोटारसायकल घ्यायची नव्हती. क्लच आणि गिअर नकोत, साडी नेसून बसता यायला हवं, आणि डिकी हवीच. राहिली ती मॅक्सी-स्कूटर.

ही जात आपल्याकडे नवी वाटते, पण जगात ती जवळजवळ चाळीस वर्षांची आहे. होंडाने १९८६ मध्ये २४४ सीसीची, लांबलचक, पाय पुढे पसरून बसायची एक स्कूटर काढली. जपानमध्ये तिला फ्यूजन म्हणत, अमेरिकेत हेलिक्स. १९९५ मध्ये यामाहाची मॅजेस्टी आली, १९९८ मध्ये सुझुकीची बर्गमन, आणि २००१ मध्ये यामाहाची ५०० सीसीची टीमॅक्स, जिच्यावर इटलीतली शहरं फिदा झाली. पुढे आग्नेय आशियाने हा प्रकार लहान केला. दीडशे सीसीच्या आतबाहेरचं इंजिन, पाण्याने थंड होणारं, मोठी चाकं आणि दोन पायांच्या मध्ये उंचवटा. २०१० ची होंडा पीसीएक्स आणि २०१५ ची यामाहा एनमॅक्स या त्या घराण्यातल्या. आपल्याकडे आज ज्यांना मॅक्सी म्हणतात त्यांतल्या काही गाड्या याच धाकट्या पातीच्या आहेत.

भारतात मात्र या प्रकाराची सुरुवात सुझुकीने केली नाही आणि यामाहानेही नाही. ती पुण्याच्या कायनेटिकने केली, आणि मराठी वाचकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये नगरहून लुना आणली. १९८४ मध्ये होंडाबरोबर भागीदारी करून पिथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा काढली. ९८ सीसी, बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली. आमच्या कॉलेजच्या दिवसांत कॉलेज रोडवर ती चालवणारी मुलगी दिसली की मान आपोआप वळायची. बजाजची स्कूटर तिरकी करून लाथ मारायला वडील किंवा भाऊ लागायचा. कायनेटिक होंडाला अंगठा पुरायचा. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली. कायनेटिकने मग इटलीच्या इटालजेट कंपनीकडून सात स्कूटरींचे आराखडे विकत घेतले, आणि त्यांतून २००६ मध्ये ब्लेझ आली. १६५ सीसी, चार व्हॉल्व्ह, रुंद तोंडवळा, लांब सीट. त्या वर्षी रस्त्यावरच्या बाकी बहुतेक गिअरलेस शंभर-सव्वाशे सीसीत होत्या. ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ हा पहिला आणि शेवटचा प्रश्न असलेल्या बाजारात ती टिकली नाही. २००८ मध्ये महिंद्राने कायनेटिकचा दुचाकीचा व्यवसाय घेतला, २००९ मध्ये ड्यूरो आणि रोडिओ या साध्या गाड्या आल्या, आणि ब्लेझ मागे पडली. माझ्या मते ती दहा वर्षं आधी आलेली गाडी होती. तिच्यासाठी लागणारा रस्ता आणि ग्राहक दोन्ही तयार व्हायचे होते.

ब्लेझनंतर मोठी पोकळी राहिली. जुलै २०१८ मध्ये सुझुकीने बर्गमन स्ट्रीट आणली तेव्हा कुठे मॅक्सी हा शब्द शोरूममध्ये रुळला. डिसेंबर २०२० मध्ये पियाजिओने बारामतीच्या कारखान्यातून एप्रिलिया एसएक्सआर १६० काढली, सप्टेंबर २०२१ मध्ये यामाहाची एरॉक्स १५५ आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये हीरोची झूम १६० जाहीर झाली. यांच्या वरच्या मजल्यावर बीएमडब्ल्यूची साडेतीनशे सीसीची सी ४०० जीटी आहे, जी २०२१ मध्ये ९ लाख ९५ हजारांना आली होती, आणि होंडाची ७४५ सीसीची एक्स-एडीव्ही, जी २०२५ मध्ये ११ लाख ९० हजारांना आली. त्या पाहायला सुंदर आहेत. शिक्षकाच्या पगारात त्यांचा विचार करायचं कारण नाही.

खालच्या चारही गाड्या एकाच नावाखाली विकल्या जातात, पण त्या एका जातीच्या नाहीत. हे मला शेजारच्या काकांनी दाखवलं. काका ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होते. सातपूरला बॉश आणि सिएट, अंबडला शेकडो लहान कारखाने, ओझरला एचएएल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना; त्यामुळे नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत यंत्र समजणारा एक तरी माणूस सापडतोच, आणि गाडी घेताना त्याला विचारल्याशिवाय जाऊ नये. काकांनी एकही माहितीपत्रक उघडलं नाही. “आधी टायरवरचे आकडे वाच, इंजिन मागून बघू,” एवढंच म्हणाले.

माझ्या जुन्या गाडीच्या टायरवर ९०/१००-१० असं लिहिलेलं आहे. म्हणजे टायर ९० मिलिमीटर रुंद, त्याची उंची रुंदीच्या शंभर टक्के म्हणजे तेवढीच, आणि रिम १० इंचांची. हिशेब केला तर अख्ख्या चाकाचा व्यास साधारण ४३ सेंटीमीटर होतो. एरॉक्सचं पुढचं टायर ११०/८०-१४ आहे. त्याचा व्यास ५३ सेंटीमीटर. दहा सेंटीमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. काकांनी मग वर्तुळाचा साधा हिशेब करून दाखवला. फूटभर रुंद खड्ड्यावरून जाताना ४३ सेंटीमीटरचं चाक साधारण सहा सेंटीमीटर खाली उतरतं. ५३ सेंटीमीटरचं साडेचार. हा दीड सेंटीमीटर प्रत्येक खड्ड्याला वाचतो. शिवाय खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर चाक आदळतं तो कोन मोठ्या चाकाला सौम्य मिळतो, आणि तोल जातो तो खाली उतरताना नव्हे, त्या कडेवर आदळतानाच. द्वारका चौकातून नाशिकरोडकडे पावसाळ्यात गेलेल्या कुणालाही याचा पुरावा लागणार नाही.

या मोजमापाने पाहिलं तर आपल्या मॅक्सी-स्कूटरींचे सरळ दोन गट पडतात. एरॉक्स आणि झूमला १४ इंची चाकं आहेत. एसएक्सआरला १२ इंची. बर्गमन स्ट्रीटला पुढे १२ आणि मागे १० इंची. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या तिच्या ईएक्स आवृत्तीत मागचंही १२ इंची झालं. बर्गमनचं अंग मोठं, काच मोठी, सीट आरामाची, पण चाकं आणि १२४ सीसीचं इंजिन नेहमीच्या सव्वाशेच्या स्कूटरचं. मी तिला कमी लेखत नाही. ११० किलोच्या आसपास वजन, रुंद सीट, सपाट पाय ठेवायची जागा, आणि शहरातल्या शहरात दोघांना आरामात नेणारी दुसरी गाडी मला दिसली नाही. पण मोठं अंग पाहून कुणी तिच्याकडून हमरस्त्यावरचा स्थिरपणा मागितला, तर तो तिच्या चाकांत नाही.

स्थिरपणाचं दुसरं कारण त्या मधल्या उंचवट्यात आहे, आणि खरी अडचणही तिथेच आहे.

साध्या स्कूटरमध्ये इंजिन, बेल्टची पेटी आणि मागचं चाक हा एकच जोड असतो आणि तो सगळाच्या सगळा वरखाली हलतो. म्हणून स्पीडब्रेकरवर मागून तो ओळखीचा दणका बसतो. मोटारसायकलचं इंजिन सांगाड्याला बांधलेलं असल्यामुळे तिचं मागचं चाक हलकं राहतं. बहुतेक स्कूटरींत पेट्रोलची टाकीही सीटखाली, म्हणजे मागेच. त्यात मागे माणूस बसला की पुढचं चाक हलकं होतं, आणि हलकं पुढचं चाक वाऱ्यात डगमगतं. १४ इंची मॅक्सीत टाकी पायांच्या मधोमध खाली येते, आणि सीटपासून हँडलपर्यंत सांगाड्याचा एक जाड कणा जातो. वजन पुढे सरकतं, गाडी वळणावर पिळवटत नाही. टाकीचं झाकण तिथेच असल्यामुळे पेट्रोल भरताना सीटवरचं सामानही उतरवावं लागत नाही.

पण त्या कण्याने सपाट जागा जाते. ती जागा गेली म्हणजे काय गेलं, हे मराठी घराला समजावून सांगायची गरज नाही. १९४६ मध्ये पियाजिओसाठी व्हेस्पा आखणारा कोरादिनो दास्कानिओ विमानांचा अभियंता होता आणि त्याला मोटारसायकल आवडत नसे. पाय ओलांडून न टाकता बसता यावं, कपडे तेलाने खराब होऊ नयेत, म्हणून त्याने पुढचा भाग मोकळा ठेवला. बजाजने १९४८ पासून ती गाडी आयात केली, साठच्या दशकात आकुर्डीत बनवली, १९७२ मध्ये तिची चेतक झाली, आणि त्या मोकळ्या जागेत आपण संसार भरला. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर तिथे आडवा-उभा बसला. कांद्याची गोणी, द्राक्षाची पेटी, दळणाचा डबा, शाळेत जाणारं पोरगं, चतुर्थीला रविवार कारंजावरून आणलेली गणपतीची मूर्ती, सगळं दोन पायांच्या मध्ये घरी आलं. स्कूटर ही आपल्या मध्यमवर्गाची बैलगाडी होती, आणि तिची साटी म्हणजे ती सपाट जागा.

आणि साडी. उंचवट्यावरून पाय टाकायचा तर साडी गुडघ्यापर्यंत उचलावी लागते. नऊवारीला अडचण नाही, सहावारीला आहे. मी पंजाबी ड्रेस घालून शाळेत जाते, त्यामुळे माझा प्रश्न सुटण्यासारखा होता. सासूबाईंचा नव्हता. त्यांना काळारामाच्या देवळात आणि डॉक्टरांकडे मीच नेते. शोरूममध्ये एरॉक्सच्या मागे एका बाजूला बसायला त्यांनी प्रयत्न केला. सीट ७९० मिलिमीटर उंच, मागचं टायर १४० मिलिमीटर रुंद, मागची सीट त्याहून वर चढलेली. विक्रेत्या मुलाने हात दिला तरी त्या अर्धवट टेकल्या. “मला यावर नको नेऊस, पण तू घे. तुझा रस्ता लांबचा,” असं त्या म्हणाल्या. बर्गमनवर त्या सहज बसल्या.

घरात एकच स्कूटर असेल, ती सगळ्यांनी चालवायची असेल, म्हातारं माणूस मागे बसणार असेल, बाजारहाट तिच्यावरच होणार असेल, तर उंचवट्याची गाडी घेऊ नये, असंच माझं मत आहे. कितीही मोठं चाक असलं तरी. नाशिकमधल्या बहुतेक घरांची हीच परिस्थिती आहे. मॅक्सी घ्यावी ती ज्याला रोज शहराबाहेर जायचं आहे त्याने.

टेस्ट राइड म्हणून शोरूमवाले सर्व्हिस रोडवर अर्धा किलोमीटर नेतात. त्यातून इंजिन कसं आहे ते कळतं, आणि इंजिन सगळ्यांचंच चांगलं असतं. मी आग्रह धरून तीन गोष्टी करून पाहिल्या, आणि घेणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः बायकांनी, त्या कराव्यात. गाडी मेन स्टँडवर स्वतः चढवावी. गाडी उतारावर पुढचं चाक खाली करून उभी करावी आणि बसल्या बसल्या पायाने मागे ढकलून बाहेर काढावी. आणि मागे माणूस बसवून गतिरोधकावरून जावं. एरॉक्स १२६ किलोची आहे, झूम १४० किलोच्या वर. दोन्हींची चाकं १४ इंची, दोन्हींना पाण्याने थंड होणारं इंजिन, शक्ती जवळजवळ सारखी, पंधरा अश्वशक्तीच्या आसपास. झूमची टाकी सात लिटरची, एरॉक्सची साडेपाच. कागदावर झूम पुढे जाते. पण आमच्या वाड्याच्या बोळात, जिथे गाडी उलटी वळवायला जागा नाही आणि रस्ता गोदावरीकडे उतरतो, तिथे ते पंधरा-सोळा किलो माझ्या मांड्यांना लगेच कळले. वीस-पंचविशीतल्या मुलाला ते कळणारही नाहीत.

वणीच्या गडाच्या रस्त्याबद्दल थोडं लिहायला हवं, कारण मॅक्सीची शक्ती कशासाठी ते तिथे समजतं. नांदुरीपासून सप्तशृंगगडापर्यंतची चढण वळणावळणांची. गिअरलेसमध्ये दोन पुल्यांवर एक पट्टा फिरतो. इंजिनाच्या वेगाबरोबर आतले रोलर बाहेर सरकतात, पुढची पुली आवळली जाते आणि पट्टा वर चढतो. तोच तिचा गिअर. चढणीवर भार आला की पट्टा खाली उतरतो आणि इंजिन जास्त फिरू लागतं. एकशेदहा सीसीत दोघं बसून चढलं की इंजिन ओरडतं आणि गाडी रांगते, आणि ते सगळं फिरणं उष्णता होऊन बाहेर पडतं. हवेने थंड होणाऱ्या स्कूटरच्या इंजिनाला पंख्याची हवा मिळते, पण लांब चढणीवर ती कमी पडू शकते. पाण्याचा रेडिएटर इथे उपयोगी पडतो. एरॉक्समध्ये सहा हजार फेऱ्यांनंतर व्हॉल्व्ह उघडण्याची पद्धत बदलते, म्हणून खाली जोर आणि वर दम दोन्ही मिळतात. एप्रिलमध्ये द्वारकेच्या सिग्नलला उभं राहतानाही तोच रेडिएटर कामाला येतो.

उतरताना मात्र सगळ्या गिअरलेस सारख्याच. मूठ पूर्ण सोडली आणि वेग फार कमी झाला की क्लच सुटतो, आणि मग इंजिन गाडीला धरत नाही. सगळा भार ब्रेकवर. नांदुरीच्या उतारावर ब्रेक तापून जळका वास येतो तो यामुळे. मूठ किंचित पिळलेली ठेवून, क्लच धरून ठेवत, ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, सतत घासत ठेवायचा नाही. मॅक्सीचं वजन जास्त, म्हणून हे तिला जास्त लागू. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. एरॉक्समध्ये ते फक्त पुढच्या चाकाला आहे, पण ओल्या घाटात पुढचं चाक जाम होणं हेच सर्वांत घातक, त्यामुळे ते एक असणंही मोठी गोष्ट आहे.

पैशांचा हिशेब २०२५ मध्ये ग्राहकाच्या बाजूने झुकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दीड लाखाच्या गाडीमागे पावणेबारा हजारांच्या आसपास वाचतात. दसऱ्याला शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. पण विम्याची एक बारीक गोष्ट कोटेशन देताना कुणी आपणहून सांगत नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीपर्यंत त्याचा मूळ हप्ता २०२५ मध्ये ३,८५१ रुपये होता. १५० च्या वर गेलं की ७,३६५, आणि त्यावर कर. एरॉक्स, झूम, एसएक्सआर तिघीही पाच-दहा सीसीने ती रेघ ओलांडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली टीव्हीएसची एनटॉर्क १५० मात्र १४९.७ सीसीची असल्यामुळे रेघेच्या आत राहते. ती १२ इंची चाकांची, सपाट जागेची आणि चांगल्या जोराची गाडी आहे, आणि ज्यांना सपाट जागा सोडवत नाही त्यांनी बर्गमनबरोबर तीही पाहावी.

हेल्मेट डिकीत मावतं का, हे बघायला विसरू नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली तेव्हा हेल्मेट सगळ्यांनी घेतलं, पण गाडी उभी केल्यावर ते कुठे ठेवायचं हा प्रश्न राहिलाच. एरॉक्सच्या २४.५ लिटरच्या डिकीत तोंड झाकणारं एक हेल्मेट बसतं. मग पिशवीला जागा राहत नाही, म्हणून मागे डबा बसवावा लागतो.

विजेच्या गाडीचा विचार मी मनापासून केला. आकुर्डीची नवी चेतक जानेवारी २०२० पासून रस्त्यावर आहे, २०२५ मध्ये कायनेटिकची डीएक्सही विजेवर परत आली. आणि बंगळूरच्या रिव्हर कंपनीची इंडी ही गाडी तर माझ्या मनातलीच होती: १४ इंची चाकं, सपाट जागा आणि ४३ लिटरची डिकी, एकाच गाडीत. उतारावर विजेची गाडी आपला वेग परत बॅटरीत भरते, त्यामुळे घाटात ब्रेकही कमी तापतात. पण नाशिक-गड-नाशिक सव्वाशे किलोमीटर आहे, त्यात ती चढण, आणि चार युनिटच्या बॅटरीवर ते एका दमात होत नाही. शाळेच्या रोजच्या रस्त्याला विजेची गाडी पुरली असती. मला एकाच गाडीत दोन्ही हवं होतं. ज्यांची धाव तीस-चाळीस किलोमीटरची आहे त्यांनी पेट्रोलच्या मॅक्सीकडे बघण्याआधी इंडी चालवून पाहावी.

मी एरॉक्स बुक केली आहे. धनत्रयोदशीला मिळेल. सासूबाईंसाठी रिक्षा, आणि गणपती पुढच्या वर्षी नवऱ्याच्या मांडीवर बसून येईल, एवढं घरात ठरलं. जुनी गाडी मेकॅनिकदादांनी मागितली. दुकानाच्या कामाला वापरणार आहेत, पासिंग तेच करून घेतील.

हे सगळं करताना एक गोष्ट मनातून जात नाही. पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात २०१६ मध्ये एप्रिलिया एसआर १५० तयार झाली. तिला १४ इंची चाकं होती आणि पुढे सपाट जागाही. पण ती तरुण मुलांसाठी आखलेली, कडक सीटची गाडी. चार वर्षांनी त्याच कारखान्यातून एसएक्सआर १६० आली: रुंद सीट, मोठी काच, सात लिटरची टाकी, ७७५ मिलिमीटरची बेताची उंची, सपाट जागा, आणि चाकं १२ इंची. एकाच छपराखाली दोन्ही अर्ध्या गोष्टी बनल्या, पण त्या एका गाडीत कधी आल्या नाहीत. एसआरची चाकं आणि एसएक्सआरची बैठक एकत्र केली, वजन सव्वाशे किलोच्या आत ठेवलं, तर आडगाव नाक्यावरून सकाळी साडेसातला जाणाऱ्या निम्म्या लोकांची गाडी तयार होते. तिला इटलीहून नवा आराखडाही लागणार नाही. चाकं, सीट, टाकी सगळं बारामतीत बनून झालेलं आहे. आकुर्डी पुण्यात आहे, लुनाचं नगर नाशिकहून तीन-साडेतीन तासांवर आहे. हा रस्ता रोज तुडवणाऱ्यांना कुणी तरी विचारायला यायला हवं.